चुनखडी तापवली की चुना होतो, मग पृथ्वीच्या पोटात कार्बोनेट टिकतं कसं?

कळव्याच्या एका शाळेत नववी-दहावीला सायन्स शिकवणाऱ्या ताईंनी विचारलंय. वर्गात त्यांनी शिकवलं की कॅल्शियम कार्बोनेट तापवलं की कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि चुना उरतो, तेव्हा मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, टीचर, पृथ्वीच्या पोटात तर दीड-दोन हजार डिग्री असतं, तिथे चुनखडी गेली तर लगेच चुना होतो का? ताईंना हो म्हणवेना आणि नाही म्हणायला कारण सापडेना.

आधी त्या मुलीला माझ्याकडून शाबासकी द्या. मी नेरुळला राहते, वीसेक वर्षं हाय प्रेशर लॅबमध्ये काढलीत आणि त्यातला बराच काळ कार्बोनेटवरच गेला, तेव्हा थोडं सविस्तर लिहिते, कारण दोन ओळीत सांगितलं तर परत तोच घोळ होईल.

उत्तर असं की नाही, चुना होत नाही. भट्टीत कार्बोनेट मोडतं ते वायूला पळायला वाट असते म्हणून. खोल जमिनीखाली ती वाट दाबाने बंद होते आणि कार्बोनेट भयंकर तापमानातही कार्बोनेटच राहतं. तिथे त्याला संपवतात ते त्याचे शेजारी, म्हणजे आजूबाजूच्या दगडातला सिलिका आणि लोखंड. उष्णता त्यांना फक्त हात देते. एकटं शुद्ध कार्बोनेट ठेवलं तर ते जवळपास गाभ्याच्या सीमेपर्यंत तग धरू शकतं.

भट्टीपासून सुरू करू. हार्बर लाइनवर चुनाभट्टी स्टेशन आहे, नावातच सगळं आलं. चुनखडी साधारण ९०० डिग्रीला भाजली की कळीचा चुना मिळतो. पण हे ९०० कुठून आलं? त्या तापमानाला चुनखडीतून सुटणाऱ्या कार्बन डायऑक्साइडचा स्वतःचा दाब साधारण १ वातावरणाएवढा होतो, म्हणजे बाहेरच्या हवेला ढकलून तो निघून जाऊ शकतो, भट्टीचं तोंड उघडं, वारा त्याला घेऊन जातो, नवीन वायू सुटतो, तोही जातो आणि असं करत सगळा दगड भाजून निघतो. आता तोंड बंद करा. वायू आतच साठतो, दाब वाढतो, आणि एका पातळीला जेवढं मोडतं तेवढंच परत जुळतं. म्हणून पुस्तकातल्या त्या रिअ‍ॅक्शनचा बाण दोन्ही बाजूंचा काढायला हवा असं माझं ठाम मत आहे, एका बाजूचा बाण मुलांच्या डोक्यात कायमचा बसतो.

आणि गंमत बघा, तुमच्या विद्यार्थिनीचा प्रश्न २०० वर्षांपूर्वी स्कॉटलंडमध्ये अगदी असाच गाजला होता. भूशास्त्रज्ञ जेम्स हटन म्हणत होता की जमिनीखालच्या उष्णतेने आणि वरच्या थरांच्या दाबाने चुनखडीचा संगमरवर होतो, आणि विरोधक म्हणायचे की अहो तापवल्यावर तिचा चुना होईल, संगमरवर कसला. जेम्स हॉल नावाच्या त्याच्या तरुण मित्राने हे करून बघायचं ठरवलं, पण हटनला असे छोट्या भांड्यातले प्रयोग फारसे पटत नव्हते म्हणून हॉल १७९७ साली हटन जाईपर्यंत थांबला, आणि मग बंदुकीच्या नळ्यांमध्ये खडूची पूड ठासून, नळ्या बंद करून त्या भट्टीत तापवल्या. शेकडो वेळा. कित्येक नळ्या फुटल्या. पण ज्या टिकल्या त्यातून चुना नाही, घट्ट स्फटिकमय, संगमरवरासारखा दगड निघाला. १८०५ मध्ये त्याने हे एडिंबरोच्या रॉयल सोसायटीपुढे मांडलं. वर्गात सांगायचं तर हेच सांगा, मुलं विसरणार नाहीत. मकराण्याचा संगमरवरसुद्धा मूळचा चुनखडीच, दाबाखाली भाजून निघालेला आणि तरी चुना न झालेला.

आता दाब म्हणजे किती, ते नीट डोळ्यापुढे आणा कारण नुसता गिगापास्कल शब्द ऐकून काही होत नाही. १ गिगापास्कल म्हणजे साधारण १०,००० वातावरणं, म्हणजे अंगठ्याच्या नखाएवढ्या १ चौरस सेंटीमीटरवर १० टन, जवळपास एक रिकामी एनएमएमटीची बस. पारसिकच्या डोंगरासारखा काळा बसाल्ट डोक्यावर १ किलोमीटर जाडीचा असेल तर दाब होतो साधारण ३०० वातावरणं, म्हणजे १ गिगापास्कल गाठायला तीस-पस्तीस किलोमीटर खाली जावं लागतं. ६६० किलोमीटरवर, जिथे लोअर मँटल (मँटल म्हणजे वरचं कवच आणि गाभा यांच्यामधला दगडाचा जाड थर, त्याचा खालचा भाग) सुरू होतं, तिथे २४ गिगापास्कल. २,८९० किलोमीटरवर, जिथे मँटल संपून लोखंडाचा गाभा लागतो, तिथे १३६. पृथ्वीच्या केंद्रात ३६४. समुद्राची सगळ्यात खोल जागा, मारियाना ट्रेंच, तिथला दाब जेमतेम ०.११ गिगापास्कल आहे, हे ऐकून लोक नेहमी चमकतात.

(समुद्राचं निघालंच आहे तर एक गैरसमज. चार-पाच किलोमीटर खोल समुद्रात शिंपल्यांचा चुरा विरघळून जातो हे खरं आहे, त्यावरून काहीजण म्हणतात की दाबाने कार्बोनेट नष्ट होतं. तिथे काम करतं थंड, कार्बन डायऑक्साइड मुरलेलं पाणी, दाब फक्त विद्राव्यता वाढवतो. कोरड्या दगडात ही गोष्ट लागू नाही.)

तर मग खाली जाताना कार्बोनेटचं होतं काय. त्याचा सांगाडा समजून घ्या. मध्ये एक कार्बन, त्याच्याभोवती तीन ऑक्सिजन, सपाट त्रिकोण. हा त्रिकोण विलक्षण कडक असतो, कार्बन-ऑक्सिजनचं अंतर १.२८ अँगस्ट्रॉमच्या आसपास आणि दाबाने ते हलता हलत नाही. कॅल्साइटमध्ये, म्हणजे चुनखडी ज्या खनिजाची बनते त्यात, हे त्रिकोण पापडांच्या चवडीसारखे थरांमध्ये आडवे असतात आणि मधल्या थरांत कॅल्शियम. दाबलं की पापड आक्रसत नाहीत, चवड बसते. म्हणून कॅल्साइट एका दिशेने भरपूर दबतो आणि आडव्या दिशेने फार कमी. सगळी पुढची कहाणी या त्रिकोणाची आहे. किती खोलपर्यंत तो त्रिकोण राहतो आणि कधी हार मानतो.

पहिला बदल अगदी उथळ आहे. कॅल्साइटचा ॲरागोनाइट होतो. फॉर्म्युला तोच, रचना वेगळी, कॅल्साइटमध्ये कॅल्शियमभोवती ६ ऑक्सिजन होते ते इथे ९ होतात, घनता २.७१ वरून २.९३. थंड दगडात याला अर्धा गिगापास्कलसुद्धा लागत नाही, गरम असेल तर जास्त लागतो. आणि हे बघायला लॅब नको. ठाण्याच्या खाडीतल्या तिसऱ्या (खायच्या शिंपल्या) घ्या, त्यांचं कवच ॲरागोनाइटचं असतं. कालवं (ऑयस्टर) घ्या, त्यांचं कवच मुख्यतः कॅल्साइटचं. एकाच चिखलात, एकाच पाण्यात, एकाच दाबाला दोन जीव दोन वेगवेगळी खनिजं बनवतात. तिसरीला दाबाची गरज पडत नाही, तिच्या अंगातली प्रोटीनं ते काम करतात. पण ते कवच वरच्या जगात खरं म्हणजे उपरं आहे, कोरडं तापवलं तर चार-साडेचारशे डिग्रीला त्याचा कॅल्साइट होतो. दाबाखाली मात्र ॲरागोनाइटच घरचा.

इथे एक गोष्ट विद्यार्थ्यांना मी कायम सांगायचे. कोणती रचना स्थिर आहे हा एक प्रश्न आणि ती प्रत्यक्षात होते का हा दुसरा. खोलीच्या तापमानाला कॅल्साइट दाबला तर तो ॲरागोनाइट होतच नाही, कारण त्यासाठी अणूंना उठून जागा बदलावी लागते आणि थंडीत तेवढं बळ नसतं. मग तो आडवाट काढतो. दीड गिगापास्कलला त्रिकोण थोडे फिरतात आणि कॅल्साइट-२ होतो, दोन-अडीचला कॅल्साइट-३. हे दोन्ही पर्सी ब्रिजमननं १९३० च्या दशकाच्या शेवटी शोधले, त्याच्याकडे तेव्हा आतली रचना बघायचं साधन नव्हतं, फक्त दाबताना आकारमान कुठे पटकन घटतं ते मोजून ओळखलं. १९४६ चं नोबेल त्याला हाय प्रेशरच्या कामासाठीच मिळालं. कॅल्साइट-३ ची रचना नीट सुटायला २०१२ उजाडलं, म्हणजे सत्तरेक वर्षं गेली, त्यावरून या साध्यासुध्या खडूची खोली लक्षात यावी.

मी पहिल्यांदा हा बदल मायक्रोस्कोपखाली बघितला तेव्हा दाब वाढवणारा स्क्रू फिरवायचा थांबवून कितीतरी वेळ तशीच बसले होते. काचेसारखा स्वच्छ तुकडा, आणि एका क्षणी त्याच्यावर सरसर पट्टे उमटले, जणू कोणी घडी घातली. स्क्रू सैल केला, पट्टे गेले. परत घट्ट, परत आले. दाब काढला की हे दोन्ही टिकत नाहीत, सरळ कॅल्साइट परत मिळतो, म्हणून दाबाखाली असतानाच बघावे लागतात.

बघायचे कसे, तर दोन हिऱ्यांच्या मध्ये. डायमंड अँव्हिल सेल हे उपकरण १९५० च्या दशकाच्या अखेरीला अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्समध्ये तयार झालं, व्हॅन व्हाल्केनबर्ग आणि त्याच्या सहकाऱ्यांनी, आणि त्यांना हिरे मिळाले ते कस्टम्सने स्मगलरांकडून जप्त केलेले. दोन हिऱ्यांची टोकं घासून सपाट केलेली, साधारण ०.३ मिलिमीटरची, मध्ये रेनियम धातूच्या पत्र्याला पाडलेलं केसाच्या जाडीएवढं भोक आणि त्या भोकात नमुना. क्षेत्रफळ इतकं छोटं की १०० गिगापास्कललाही एकूण जोर पाऊण टनाच्या आत लागतो, म्हणजे हातात मावणाऱ्या सेलचे चार स्क्रू एलन कीने हळूहळू फिरवून आपण गाभ्याच्या जवळचा दाब आणू शकतो. हिरा पारदर्शक, त्यामुळे आत डोकावता येतं, लेझर सोडता येतो, एक्स-रे आरपार जातात. दाब मोजायला माणकाचा बारीक कण टाकतात. हिरव्या लेझरखाली माणिक लाल चमकतं, साधारण ६९४ नॅनोमीटरला, आणि दर गिगापास्कलला ती रेषा ०.३६ नॅनोमीटर सरकते, सरकण्यावरून दाब. आपल्याकडे इंदूरला इंडस-२ सिंक्रोट्रॉनवर (फार प्रखर एक्स-रे देणारं मोठं यंत्र) अशी कामं होतात, पण फार खोलचे, लेझरने तापवायचे प्रयोग बरेचदा परदेशातल्या मोठ्या सिंक्रोट्रॉनवर करावे लागतात.

कार्बोनेटचे प्रयोग इतरांपेक्षा नाजूक आहेत, आणि जे पेपर वाचून निष्कर्ष काढतात त्यांच्यासाठी हे लिहितेय. पहिली अडचण, कार्बोनेट लेझरला पारदर्शक. नेहमीचा इन्फ्रारेड लेझर त्याच्यातून निघून जातो, तापतच नाही. मग प्लॅटिनमची पूड किंवा ग्राफाइट मिसळायचं, म्हणजे तुम्ही नमुन्यात एक पाहुणा घातला, आणि तो पाहुणा रिअ‍ॅक्शन करतो का ते वेगळं तपासायचं. दुसरी अडचण मोठी. प्रयोगानंतर नमुन्यात हिऱ्याचे कण सापडले तर ते कार्बोनेट मोडून झाले की दाबणाऱ्या सेलच्याच हिऱ्यातून आले? भांडंच कार्बनचं आणि आपण कार्बनच मोजतोय. यावर खरा उपाय एकच, नमुना कार्बन-१३ चा (थोडा जड कार्बन) बनवायचा, मग रमनमध्ये (लेझरच्या प्रकाशाने अणूंची कंपनं ओळखायची पद्धत) हिऱ्याची रेषा सरकलेली दिसते आणि कोणाचा कार्बन ते कळतं. ज्या कामात हे केलेलं नाही आणि तरी हिरा सापडल्याचा दावा आहे, तो मी जपून वाचते.

तिसरी अडचण आपल्या हवेची. आमच्याकडे एका पावसाळ्यात एका हुशार मुलाने मॅग्नेसाइटचा (मॅग्नेशियम कार्बोनेट) नमुना मिठात गुंडाळून लोड केला, तीनेक गिगापास्कलच्या पुढे एक्स-रेमध्ये नवीन रेषा आल्या, कुठल्याही माहीत असलेल्या कार्बोनेटशी जुळेनात, तीन आठवडे आम्ही नवीन फेज (नवी रचना) म्हणून त्यांच्या मागे होतो. जुलैत घरातल्या मिठाला पाणी सुटतं हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं, पण सेलमधलं मीठही मीठच हे सुचलं नाही. त्या रेषा बर्फाच्या होत्या, बर्फ-७, जो खोलीच्या तापमानाला सव्वादोन गिगापास्कलच्या आसपास तयार होतो. तेव्हापासून मीठ आणि नमुना दोन्ही रात्रभर १२० डिग्रीच्या ओव्हनमध्ये ठेवल्याशिवाय लोड करायचं नाही असा नियम झाला, आणि एकाच रन मधल्या एकाच पॅटर्नवर नवीन फेज जाहीर करायची नाही हा दुसरा.

रमनचंही एक. कॅल्साइट आणि ॲरागोनाइट दोघांचीही मोठी रेषा १०८५-१०८६ ला येते, ती त्रिकोणाच्या श्वासाची, त्रिकोण दोघांत तोच. फक्त तीच बघून कॅल्साइट की ॲरागोनाइट ठरवणारे रिपोर्ट मी पाहिलेत. खालच्या रेषा बघा, कॅल्साइटच्या २८२ आणि १५५, ॲरागोनाइटची २०६. फरक चवडीत आहे, पापडात नाही, आणि चवडीची हालचाल खालच्या रेषांत दिसते.

आता खोल जाऊ. समुद्राच्या तळाचा गाळ आणि बसाल्ट सबडक्शन झोनमधून, म्हणजे जिथे एक प्लेट दुसरीच्या खाली बुडते तिथून, खाली जातो तेव्हा सोबत कॅल्शियम कार्बोनेट जातं. पण मँटलचा दगड मॅग्नेशियमने भरलेला आहे, मग अदलाबदल होते. कॅल्शियम सिलिकेटकडे जातो, मॅग्नेशियम कार्बोनेटकडे येतो. डोलोमाइट म्हणजे दोघांचं मिश्रण, तोही पाचेक गिगापास्कलला ॲरागोनाइट आणि मॅग्नेसाइटमध्ये फुटतो, पुढे बऱ्याच दाबाला त्याची नवीन रूपं दिसतात हा भाग वेगळा. म्हणून खोल मँटलमधलं मुख्य कार्बोनेट म्हणजे मॅग्नेसाइट असं बहुतेक सगळे मानतात आणि मलाही तेच पटतं. मॅग्नेशियमचा अणू लहान, कॅल्साइटच्या साच्यात तो चपखल बसतो, त्याला ॲरागोनाइट व्हायची गरजच पडत नाही. २००४ मध्ये जपानच्या स्प्रिंग-८ सिंक्रोट्रॉनवर इश्शिकी आणि सहकाऱ्यांनी तो दाबला आणि तापवला, तर साधारण ११५ गिगापास्कलपर्यंत, दोन-तीन हजार केल्व्हिनला तोच साचा टिकला. म्हणजे २,५०० किलोमीटरच्या आसपास. भट्टीत सातशे डिग्रीच्या आतच मोडणारं हे खनिज.

कॅल्शियमवाल्याची वाट जास्त वळणांची आहे, ४० गिगापास्कलच्या आसपास ॲरागोनाइटचं पोस्ट-ॲरागोनाइट होतं, त्रिकोण अजूनही त्रिकोणच. लोखंडवालं कार्बोनेट, सिडेराइट, मला सगळ्यात आवडतं. ४०-५० गिगापास्कलच्या दरम्यान त्यातल्या लोखंडाचे इलेक्ट्रॉन जोड्या लावून बसतात, आधी चार सुटे होते ते एकही सुटा राहत नाही, लोखंडाचा अणूच लहान होतो, आणि स्फटिकाचं आकारमान एकदम १० टक्क्यांच्या आसपास घटतं. रंगही बदलतो, फिकट पारदर्शक तुकडा आधी हिरवट होतो आणि अजून दाबला की लालसर. पृथ्वीच्या पोटात रंग बघायला कोणी नाही, पण रंग बदलला म्हणजे उष्णतेचे किरण शोषण्याची पद्धत बदलली, म्हणून हे महत्त्वाचं.

आणि मग त्रिकोण हार मानतो. ८० गिगापास्कलच्या वर कुठेतरी, कार्बोनेट कोणतं त्यानुसार, कार्बनभोवती तीनऐवजी चार ऑक्सिजन येतात, सपाट त्रिकोणाचा चौफलक (चार त्रिकोणी बाजूंचा आकार) होतो. केमिस्ट्री शिकवणाऱ्यांसाठी, एसपी-२ चा एसपी-३. हे ऐकायला छोटं वाटतं पण मला विचाराल तर या सगळ्या विषयातला सगळ्यात मोठा बदल हाच. कारण चौफलक ही सिलिकॉनची सवय आहे. क्वार्ट्झ, फेल्डस्पार, अभ्रक, जमिनीवरचा बहुतेक दगड सिलिकॉनच्या चौफलकांनी बांधलेला आहे, ते कोपऱ्याला कोपरा लावून साखळ्या, कडी, जाळी करतात. कार्बोनेटचे त्रिकोण मात्र वर आपल्या जगात सुटे राहतात, एकमेकांना जोडले जात नाहीत, म्हणून तर त्यांच्यावर लिंबू पिळलं की फसफसतात आणि वितळले की पाण्यासारखे पातळ वाहतात. एकदा चौफलक झाला की कार्बनसुद्धा जोडायला लागतो. ओगानोव्हच्या गटाने २००८ च्या सुमारास कॉम्प्युटरवर तीन-तीन चौफलकांची कडी असलेलं मॅग्नेशियम कार्बोनेट वर्तवलं, २०११ मध्ये बुलार आणि सहकाऱ्यांना लोखंड-मॅग्नेशियम कार्बोनेटमध्ये ८० गिगापास्कलच्या वर असे चौफलक प्रयोगात दिसले, कॅल्शियम कार्बोनेटमध्ये पिकार्ड आणि नीड्स यांनी २०१५ मध्ये ७६ गिगापास्कलपासूनचं भाकीत केलं आणि २०१७ मध्ये लोबानोव्ह आणि सहकाऱ्यांनी १०५ गिगापास्कलला लेझरने तापवून ते बनवून दाखवलं. भाकीत आधी आणि प्रयोग नंतर असं या क्षेत्रात आता नेहमीचं झालंय, माझ्या सुरुवातीच्या काळात उलटं असायचं.

वर मी शेजाऱ्यांबद्दल म्हणाले ते आता, कारण मुलीच्या प्रश्नाचं खरं उत्तर इथे आहे.

पहिला शेजारी सिलिका. खाली गेलेल्या समुद्री बसाल्टमध्ये मोकळा सिलिका असतो. पुरेसं तापलं की मॅग्नेसाइट आणि सिलिका मिळून ब्रिजमनाइट होतं (लोअर मँटलचं मुख्य खनिज, २०१४ मध्ये त्याच ब्रिजमनच्या नावाने त्याचं बारसं झालं) आणि कार्बन डायऑक्साइड सुटतो. सुटतो म्हणजे वायू नाही, त्या दाबाला तो घन असतो, आणि अजून तापला तर त्याचाही हिरा आणि ऑक्सिजन होतो. बघा, भट्टीसारखंच झालं, कार्बोनेटमधून कार्बन डायऑक्साइड निघाला, पण चुन्यासारखा मॅग्नेशियम ऑक्साइड एकटा उरला नाही, त्याला सिलिकाने घेतलं, घेणारा होता म्हणून रिअ‍ॅक्शन पुढे गेली. भट्टीत वायूला वारा घेऊन जातो, खाली ऑक्साइडला सिलिका घेऊन जातो.

दुसरा शेजारी लोखंड. साधारण २५० किलोमीटरच्या खाली मँटलमध्ये थोडं धातूरूप लोखंड असू शकतं. लोखंडाला ऑक्सिजन हवा असतो, आपल्या खाडीकाठच्या ग्रिल आणि गेट बघून हे नवी मुंबईत कोणाला सांगायला नको. तिथे हवा नाही, पाणी नाही, मग ते कार्बोनेटचाच ऑक्सिजन घेतं. लोखंड गंजतं आणि कार्बन उघडा पडतो, हिरा म्हणून किंवा लोखंडाचं कार्बाइड म्हणून. रोरबाख आणि श्मिट यांनी २०११ मध्ये याला रेडॉक्स फ्रीझिंग म्हटलं, म्हणजे वितळलेलं कार्बोनेट थंडीने न गोठता ऑक्सिजन गेल्यामुळे गोठतं. वर्गातल्या भाषेत, हे साधं क्षपण आहे.

तिसरी गोष्ट शेजारी नाही पण तेवढीच घातक, वितळणं. थॉमसन आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये दाखवलं की बहुतेक सबडक्शनमध्ये खाली जाणारा कार्बोनेटयुक्त बसाल्ट ३०० ते ७०० किलोमीटरच्या टप्प्यात वितळायला लागतो आणि ते कार्बोनेटचं पातळ द्रव दगडाच्या फटींतून निसटून मँटलमध्ये जातं, तिथे लोखंड भेटतं, हिरे होतात. म्हणजे मॅग्नेसाइट ११५ गिगापास्कलपर्यंत टिकू शकतो हे खरं, पण तिथपर्यंत किती पोचतं हा वेगळा हिशोब, थंड आणि वेगाने बुडणाऱ्या प्लेटमध्ये पोचण्याची शक्यता जास्त, गरम असेल तर वाटेतच अडतं. स्थिर आहे आणि म्हणून तिथे आहेच, असं लिहिणारे पेपर येतात, मला ती उडी मान्य नाही.

पण काही पोचतं याचा पुरावा हातात आहे. ब्राझीलच्या जुइना भागातल्या हिऱ्यांच्या आत कार्बोनेटचे सूक्ष्म कण सापडलेत, आणि ते हिरे ट्रान्झिशन झोन (लोअर मँटलच्या लगेच वरचा पट्टा) किंवा लोअर मँटलमधून आलेले आहेत. हिऱ्याने कण बंद करून ठेवला आणि किंबरलाइटच्या (खोलून वेगाने वर येणारा, हिरे आणणारा खडक) लाव्ह्याने वर आणून टाकला. आणि कार्बोनेट वितळून वर येतं याचं उदाहरण फार लांब नाही, गुजरातमध्ये छोटा उदेपूरजवळ आंबा डोंगर आहे, तिथला खडक कार्बोनेटाइट, दख्खनच्या लाव्ह्याच्याच काळातला, म्हणजे साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, चुनखडीसारखा दिसतो पण समुद्रात नाही, मॅग्मा थंड होऊन झालेला. टांझानियात ओल डोइन्यो लेंगाई नावाचा ज्वालामुखी आहे तो आजही कार्बोनेटचा लाव्हा बाहेर टाकतो, पाच-सहाशे डिग्रीचा, काळा आणि पातळ, आणि काही दिवसांत हवेतल्या पाण्याने पांढरा पडतो.

म्हणून ताई, वर्गात असं सांगता येईल की उघड्यावर तापवलं तर वायू जातो, बंद दाबाखाली तापवलं तर जात नाही, आणि खूप खोल गेल्यावर आजूबाजूला कोण आहे यावर ठरतं की कार्बोनेट राहील, वितळेल की हिरा होईल. मुलीने पुढे विचारलंच (विचारेल असं वाटतं) की मग सगळे हिरे चुनखडीचे का, तर नाही, काही हिऱ्यांचा कार्बन वरून गेलेला आहे आणि बऱ्याच हिऱ्यांचा मुळातलाच मँटलमधला, कार्बनच्या आयसोटोपवरून बरेचदा अंदाज येतो.

आणि एक करता येईल. कोळणीकडून तिसऱ्या आणि कालवं आणली की कवचं धुवून ठेवा, तिसरीचं कवच ॲरागोनाइट आणि कालवाचं कॅल्साइट असं लेबल लावा. माझ्याकडे तुर्भ्याच्या दगडखाणीतून फार वर्षांपूर्वी मिळालेला कॅल्साइटचा एक स्वच्छ तुकडा आहे, पुस्तकावर ठेवला की प्रत्येक अक्षर दोनदा दिसतं, त्रिकोण सगळे एकाच दिशेने आडवे असल्यामुळे. तो मी वर्गासाठी देते. दिवाळीची सुट्टी संपली की एखादा शनिवार कळवा, नेरुळहून ट्रान्सहार्बरने ठाण्याला येऊन पुढे कळव्याला पोचते, आणि त्या मुलीला हा तुकडा स्वतःच्या हाताने फिरवून बघू दे, फिरवताना एक अक्षर जागेवर राहतं आणि दुसरं त्याच्याभोवती फिरतं.